टॅब आधी काट्यावर ठेवा

अकोल्याच्या एका निवृत्त शिक्षिकेचं पत्र आलं आहे. त्या लिहितात:

"मी ६६ वर्षांची आहे. ३१ वर्षं प्राथमिक शाळेत शिकवलं, आता दिवसभर वाचते. जुन्या मराठी पुस्तकांच्या पीडीएफ मुलाने लॅपटॉपवर उतरवून दिल्या आहेत, पण लॅपटॉप घेऊन लवंडता येत नाही. उजव्या अंगठ्याच्या मुळाशी दुखतं. डॉक्टरांनी सांध्याची झीज सांगितली आहे, जाड पुस्तक पाच मिनिटांच्या वर धरवत नाही. मुलगा पुण्याला असतो. तो दिवाळीला १३ इंची आयपॅड प्रो आणतो म्हणतो. 'आई, जेमतेम पाच मिलिमीटर जाडी आहे, हातात जाणवणारसुद्धा नाही,' असं त्याचं म्हणणं. शेजारचे काका म्हणतात, इतकी पातळ वस्तू दोन महिन्यांत मोडेल. किंमत ऐकल्यापासून मला धड झोप नाही, आणि नको म्हणावं तर मुलाचं मन मोडतं. वाचायला, नातीला व्हिडिओ कॉल करायला आणि जमलं तर हाताने चार ओळी लिहायला मला काय बरं पडेल?"

ताई,

तुमचा मुलगा चुकीचं काहीच सांगत नाही, काकाही उगाच घाबरवत नाहीत. पण दोघेही जाडीबद्दल बोलताहेत आणि तुमचा अंगठा दुखतो तो वजनाने. पातळ म्हणजे हलकं, हे आपण पोळीपासून कापडापर्यंत सगळीकडे धरून चालतो. टॅबच्या बाबतीत ते तसं नाही.

तुमच्याच प्रश्नातला आयपॅड घ्या. २०२४च्या मे महिन्यात आलेला १३ इंची प्रो ५.१ मिलिमीटर जाड आहे. ॲपलनेच तो आपलं सर्वांत पातळ उत्पादन म्हणून पुढे आणला. त्याचं वजन ५७९ ग्रॅम. त्याच कंपनीचा ८.३ इंची आयपॅड मिनी ६.३ मिलिमीटरचा, म्हणजे प्रोपेक्षा चांगला जाड, आणि वजन २९३ ग्रॅम, जवळपास निम्मं. सॅमसंगचा गॅलेक्सी टॅब एस१० अल्ट्रा ५.४ मिलिमीटरचा आहे, पण पडदा १४.६ इंचांचा असल्यामुळे वजन ७१८ ग्रॅम. दुकानात हे तिन्ही शेजारी ठेवले तर टेबलावर पडलेला सगळ्यांत पातळ आपल्याला सगळ्यांत हलका वाटतो. उचलल्यावर कळतं.

त्यातही नुसतं वजन बघून भागत नाही. तुम्ही पाटी धरलेली आहे, मुलांच्या हातात हजारो वेळा दिलेली आहे. पाटी मधोमध तळहातावर ठेवली तर तिचं ओझं होत नाही. तीच एका कडेला चिमटीत धरली की मनगट खाली ओढलं जातं. टॅब आपण बहुतेक वेळा असाच, कडेला धरतो, आणि पडदा जितका रुंद तितका त्याचा मध्य आपल्या अंगठ्यापासून लांब जातो. मिनीची रुंदी साडेतेरा सेंटिमीटरच्या आसपास, १३ इंची प्रोची साडेएकवीस. वजन दुप्पट आणि अंतर दीडपटीहून जास्त. दोन्ही मिळून अंगठ्यावर येणारा ताण सुमारे तिप्पट होतो. मुलगा म्हणतो ते 'जाणवणारसुद्धा नाही' दुकानात दोन मिनिटं खरं असतं. रात्री वाचताना तिसऱ्या प्रकरणाला ते खरं राहत नाही.

आणखी एक गोष्ट, जी सहसा कुणी सांगत नाही. फार पातळ कड धरायला जास्त जोराने चिमटावी लागते. थोडी जाड, गोलसर कड बोटांच्या पेरांवर विसावते. पातळ कडेवर अंगठा सतत दाबून धरावा लागतो, आणि तुमचं दुखणं नेमकं तिथेच आहे. माझ्या आईचा अंगठा असाच होता. तिला पातळ स्टीलची ताटली उचलताना कळ यायची, पण जाड काठाचं पितळेचं ताट ती दोन्ही हातांनी नीट उचलायची. म्हणून तुमच्या बाबतीत पातळपणा हा गुण तर नाहीच, उलट थोडी अडचण आहे असं मला वाटतं.

हे माझ्या शब्दावर मानू नका. घरात जुनी पाटी असेल तर ती घ्या, नसेल तर तेवढ्या आकाराचा पुठ्ठा किंवा पातळ फळी. तिच्या पाठीला साखरेची पिशवी रबरबँडने मधोमध बांधा. किराणावाल्याच्या इलेक्ट्रॉनिक काट्यावर पाटी आणि पिशवी मिळून वजन ५८० ग्रॅम भरेल इतकीच साखर ठेवा. आता पलंगावर, रोज ज्या बाजूला लवंडता तशाच लवंडून, ती वीस मिनिटं धरा. दुसऱ्या दिवशी साखर कमी करून ४८० ग्रॅम करा, ११ इंची साध्या आयपॅडएवढं. तिसऱ्या दिवशी छोट्या पुठ्ठ्यावर ३००. अंगठा कधी कुरकुरला ते कागदावर लिहून ठेवा आणि मुलाला फोनवर वाचून दाखवा. एक मात्र लक्षात ठेवा, टॅब कुणी उघडा वापरत नाही. मागे-पुढे झाकणारं कव्हर दीडशे-दोनशे ग्रॅम सहज घेतं. ते जमेस धरूनच बोला.

आता पातळ टॅबची बाजूही सांगते, कारण ती खरी आहे. २०१० साली पहिला आयपॅड आला तेव्हा पडदा होता ९.७ इंचांचा, जाडी १३ मिलिमीटरच्या वर आणि वजन ६८० ग्रॅम. आज त्याहून कितीतरी मोठा, १३ इंचांचा पडदा १०० ग्रॅम कमी वजनात मिळतो. ही काही थोडी गोष्ट नाही. प्रवासात बॅगेतल्या दोन वह्यांच्या मध्ये तो सरकतो. चित्र काढणारी मंडळी, स्वरलिपी समोर ठेवून वाजवणारे वादक, ए४ कागदपत्रं दिवसभर बघणारे वकील यांना तो फार उपयोगी आहे. प्रोचा पडदा ओलेड जातीचा आहे. त्यात काळं ते खरोखर काळं दिसतं आणि रात्री अंधारात वाचताना करडा उजेड डोळ्यांवर येत नाही. काच आणि पडदा एकमेकांना चिकटवलेले असतात, वर चकाकी कमी करणारा लेप असतो, त्यामुळे ट्यूबलाइटचं प्रतिबिंब कमी पडतं आणि अक्षर काचेच्या वरच छापल्यासारखं दिसतं. ज्याला हे सगळं रोज लागतं त्याने तो पैसा जरूर घालावा.

काकांची भीती कितपत खरी? दोन महिन्यांत मोडेल असं नाही. पण पातळ पत्रा वाकतो, हे मी सोसलेलं आहे. काही वर्षांपूर्वी एक पातळ टॅब मी शबनममध्ये टाकून अलिबागहून पनवेलला एसटीने निघाले. गर्दी होती, शबनम मांडीवर, आणि टॅबच्या पाठीशी जेवणाचा डबा. वडखळच्या आसपास पुढच्या सीटवरचे गृहस्थ उठताना त्यांचा भार शबनमवर आला. घरी येऊन टॅब टेबलावर ठेवला तर एका कोपऱ्याला बोट लावताच तो झुलायला लागला. चालू होता, पडदाही फुटला नव्हता, पण मध्यभागी उजेडाचा एक पिवळट डाग कायमचा बसला. दुरुस्तीच्या ठिकाणी सांगितलं की बाहेरून लागलेला मार वॉरंटीत येत नाही आणि बॉडी वेगळी बदलून मिळत नाही. तो टॅब मी वर्षभर तसाच वापरला आणि रोज मला तो डबा आठवला.

कंपन्यांनाही हा प्रश्न माहीत आहे. २०१८ सालचा आयपॅड प्रो ५.९ मिलिमीटरचा होता. त्यातले काही डब्यातूनच किंचित वाकलेले निघाल्याच्या तक्रारी आल्या, तेव्हा ॲपलने ४०० मायक्रॉनपर्यंतचा, म्हणजे कागदाच्या चार पानांहून कमी जाडीचा, बाक आपण चालवून घेतो असं जाहीर केलं. नंतरच्या प्रोमध्ये मध्यभागी धातूची आधारपट्टी घातली आहे. तुम्ही एसटीत डबा आणि टॅब एकत्र नेणार नाही, हे मला कळतं. पण पलंगावर टॅब उशीच्या कडेला राहतो, आपण कूस बदलतो, कोपर टेकतो. लवंडून वाचणाऱ्याच्या टॅबला धोका तिथे आहे.

बॅटरीबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, तरी सांगते, कारण पातळपणाची किंमत तिथेही मोजलेली असते. २०१० पासून आजपर्यंत ॲपल एकच आकडा सांगत आली आहे, दहा तास. २०१३च्या आयपॅड एअरमध्ये ३२.४ वॉट-तासांची बॅटरी होती (वॉट-तास म्हणजे बॅटरीत किती वीज मावते त्याचं माप), जाडी ७.५ मिलिमीटर. पुढच्या वर्षीच्या एअर २ मध्ये २७.३ वॉट-तासांची आणि जाडी ६.१. दहा तास तेच राहिले. चिप काटकसरीने चालायला लागली, आणि त्यातून जी बचत झाली ती आपल्याला जास्त तास म्हणून मिळाली नाही, जाडी कमी करण्यात गेली. २०१२ साली उलटं झालं होतं. पडदा फार बारीक ठिपक्यांचा झाला, त्याला उजेड आणि वीज जास्त लागली, तेव्हा बॅटरी ४२.५ वॉट-तासांची करावी लागली आणि आयपॅड ८.८ वरून ९.४ मिलिमीटर जाड झाला. कुणाचं काही बिघडलं नाही. मला स्वतःला आजही एक मिलिमीटर जाड आणि दोन तास जास्त चालणारा टॅब आवडेल, पण ॲपल तसा बनवत नाही.

दहा तास हे नव्या बॅटरीचे. आयपॅडची बॅटरी पूर्ण चार्जिंगच्या हजार फेऱ्यांनंतरही ८० टक्के क्षमता राखेल अशी बनवलेली असते. तुमच्यासारख्या वाचणाऱ्याला हजार फेऱ्यांना चार-पाच वर्षं सहज लागतील, म्हणून ती चिंता नको. चिंता एवढीच की ती आत गोंदाने चिकटवलेली असते आणि घरच्या घरी बदलता येत नाही.

अकोल्याला मात्र खरी काळजी उन्हाळ्याची आहे. मे महिन्यात तुमच्याकडे पारा ४५च्या आसपास जातो आणि आयपॅड वापरण्यासाठी कंपनीने सांगितलेलं बाहेरचं तापमान आहे ० ते ३५ अंश. टॅबमध्ये पंखा नसतो. आतली उष्णता पाठीच्या पत्र्यातून बाहेर जाते. नव्या प्रोमध्ये त्यासाठी आत ग्राफाइटचे थर आणि पाठीवरच्या सफरचंदाच्या चिन्हात तांबं घातलं आहे, म्हणजे बनवणाऱ्यांनाही पातळ अंगातून उष्णता काढणं सोपं गेलेलं नाही. दुपारी कूलर लावलेल्या खोलीत वाचा. चार्जिंगला लावलेला टॅब उशीवर किंवा गोधडीवर ठेवू नका, लाकडी पाटावर ठेवा. मधेच पडदा आपोआप मंद झाला तर बिघडला असं समजू नका. तो तापला आहे, पंधरा मिनिटं बाजूला ठेवा.

आता पुस्तकांकडे येऊ, कारण निर्णय खरं तर तिथेच आहे. तुमच्याकडच्या पीडीएफ म्हणजे बहुतेक छापील पानांचे फोटो आहेत. त्यात अक्षर वेगळं मोठं करता येत नाही, अख्खं पान मोठं करावं लागतं आणि मग ओळ वाचायला पडदा डावी-उजवीकडे सरकवत बसावं लागतं. आपल्या लिपीत वर वेलांटी, खाली उकार, मधे जोडाक्षर. पान जरा लहान झालं की 'ष्ट' आणि 'ष्ठ' सारखेच दिसतात. म्हणून पडदा पानाला पुरायला हवा.

आपली बहुतेक जुनी पुस्तकं डेमी आकाराची, साधारण १४ बाय साडेएकवीस सेंटिमीटरची. ११ इंची म्हणून विकल्या जाणाऱ्या साध्या आयपॅडचा पडदा जवळजवळ १६ बाय पावणेतेवीस सेंटिमीटर आहे. म्हणजे डेमी पान समासासकट, छापलं होतं त्याच मापात बसतं. समास कापून टाकले तर मजकूर छापील पुस्तकापेक्षा जवळपास तिसऱ्या हिश्शाने मोठा दिसतो. मिनीवर समास कापल्यावर अक्षर छापील मापाइतकंच राहतं. १३ इंचीवर ते दीडपट होतं. दिवाळी अंकाचं पान मोठं असतं, ते ११ इंचीवर थोडं आक्रसतं, पण वाचता येतं.

मिनी हाताला सगळ्यांत सोपा आहे, आणि तुमची नजर बारीक छपाईला अजून सरावलेली असती तर मी तोच घ्या म्हटलं असतं. ६६व्या वर्षी रोज चार-पाच तास वाचायचं तर अक्षर छापीलपेक्षा मोठंच हवं. किंडलसारख्या कागदी पडद्याचाही मी विचार केला. तो डोळ्यांना फार सुखाचा आणि सात इंची पेपरव्हाइट तर सव्वादोनशे ग्रॅमच्या आतच. पण फोटो काढलेल्या डेमी पानाला तो लहान पडतो आणि नात त्यावर दिसणार नाही.

म्हणून माझं मत असं: ११ इंची साधा आयपॅड, २०२५ सालचा, ए१६ चिपचा. जाडी ७ मिलिमीटर, वजन ४७७ ग्रॅम. बाजारात आला तेव्हा त्याची किंमत ३४,९०० रुपये होती, १३ इंची प्रोची १,२९,९०० पासून पुढे. मधला ११ इंची एअर ६.१ मिलिमीटरचा आहे, पण वजन ४६०च्या घरात. वजनात फरक जेमतेम पंधरा-वीस ग्रॅम, दोन-तीन बिस्किटांएवढा. तेवढ्यासाठी पंचवीस हजार जास्त देऊ नका.

साध्या आयपॅडचं उणं काय, तेही सांगते. त्याची काच पडद्याला चिकटवलेली नाही, मधे बारीक पोकळी आहे, आणि वर तो चकाकी कमी करणारा लेप नाही. डोक्यामागे ट्यूबलाइट असेल तर तिची रेघ पानावर दिसेल, दिवा बाजूला घ्यावा लागेल. पण त्या पोकळीचा एक फायदा आहे. काच फुटली तर नुसती काच बदलता येते. चिकटवलेल्या पडद्यात काचेबरोबर अख्खा पडदा बदलावा लागतो आणि खर्च कितीतरी वाढतो. जाडी कमी करण्याची एक युक्ती म्हणजे हीच पोकळी काढून टाकणं, त्यामुळे प्रत्येक पातळ टॅबच्या दुरुस्तीत ती किंमत दडलेली असते. वायरचे इअरफोन वापरत असाल तर आणखी एक गोष्ट विचारात घ्या. आताच्या कुठल्याच आयपॅडला ते लावायचं गोल भोक नाही. सॅमसंगच्या टॅब एस६ लाइटला आहे, २०२४च्या आवृत्तीतही. तोही ७ मिलिमीटरचा, वजन जवळपास साध्या आयपॅडएवढंच, आणि लिहायचा पेन त्याच्या डब्यातच येतो. मुलाला आयपॅडचाच आग्रह नसेल तर तोही दुकानात हातात घेऊन बघा.

४७७ ग्रॅमही तुम्ही तासन् तास हातात धरावेत असं मी म्हणत नाही. पोथी ठेवायचं घडीचं लाकडी स्टँड असतं ना, ते मांडीवर उशी घेऊन तिच्यावर ठेवा आणि टॅब त्यावर. पलंगाला अडकवायचा लवचिक मानेचा स्टँडही मिळतो. तो घेताना टॅबचं वजन दुकानदाराला सांगा, हलका स्टँड मान टाकतो. टॅब स्टँडवर गेला की जाडीचा आणि वजनाचा प्रश्नच मागे पडतो, हातांना फक्त पान उलटायचं काम उरतं, आणि ते डाव्या हातानेही होतं.

लिहिण्याचं म्हणाल, तर पेन लगेच घेऊ नका. आयपॅडचा पेन वेगळा विकत घ्यावा लागतो. तुम्ही ३१ वर्षं फळ्यावर अक्षर गिरवून घेतलं आहे, तुमचा हात चोखंदळ असणार. दुकानात मांडून ठेवलेल्या टॅबवर 'ज्ञ' आणि 'क्ष' लिहून बघा. त्या पोकळीमुळे पेनाचं टोक आणि उमटणारी रेघ यांत किंचित अंतर दिसतं. ते खुपलं तर घरची वही आहेच. खुपलं नाही तर पुढच्या वाढदिवसाला मुलाकडून पेन मागून घ्या.

आणि मुलाचं मन. त्याला नको म्हणू नका, कमी किमतीचं मागते असंही म्हणू नका. पाटीवरचे तीन दिवसांचे आकडे त्याला वाचून दाखवा आणि दुसरं एक काम सांगा, जे पैशाने होत नाही. त्या सगळ्या पीडीएफचे समास कापायचे आहेत, फायलींना पुस्तकांची नीट नावं द्यायची आहेत, उलट-सुलट लागलेली पानं सरळ करायची आहेत. दिवाळीच्या सुट्टीत त्याला तुमच्या शेजारी बसवा. दोन दुपारींत पन्नास पुस्तकं होतील. कुठलं आधी, ते तुम्ही सांगा.